सप्तपदीनंतरची फाईल

लग्न ठरलं? अभिनंदन. मुलगा विलायतेत वाढलेला, तिथलाच नागरिक, आणि तरी वरणभात खाणारा. पत्रिका जुळली, मानपान सुरळीत पार पडले, धाकटी आत्यासुद्धा रुसली नाही. आता अवघड भाग संपला असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही अगदीच भाबड्या आहात. भटजींनी ‘शुभमंगल सावधान’ म्हटलं की लग्न लागतं ही आपली समजूत. ब्रिटनच्या गृहखात्याच्या लेखी ते अजून लागायचंय, आणि तिथले भटजी दक्षिणा आगाऊ घेतात.

पहिली चूक तर तुमच्या वडिलांनीच केली. त्यांनी मंगळ पाहिला, नाडी पाहिली, मुलाच्या आजोबांचं गाव कोणतं तेही विचारलं; पण पगारपत्रक मागायला त्यांना संकोच वाटला. गृहखात्याला असले संकोच नाहीत. २०१२ च्या जुलैपासून त्यांनी सरळ आकडाच लावून दिला: नवऱ्याला किंवा बायकोला आणायचं तर वर्षाला १८,६०० पौंड कमवा. ११ एप्रिल २०२४ पासून हा आकडा २९,००० झाला. तो पुढे ३८,७०० पर्यंत चढवायचा बेत होता, पण मध्येच सरकार बदललं आणि बेत बाजूला ठेवला गेला. तेव्हा तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त वगैरे बघत बसू नका. त्यांच्या संसदेचं अधिवेशन कधी आहे ते बघा. १० एप्रिल २०२४ ला अर्ज भरलेल्यांचं प्रेम १८,६०० पौंडांत खरं ठरत होतं. दोन दिवसांनी भरणाऱ्यांना त्याच प्रेमाला १०,४०० जास्त मोजावे लागले.

‘पण मीही कमावते की!’ असं म्हणू नका, वाईट दिसतं. तुम्ही हिंजवडीत बसून लंडनच्याच एखाद्या बँकेची प्रणाली चालवत असाल, रात्री अकराला तिथल्या साहेबाचे फोन घेत असाल, नवऱ्यापेक्षा तुमचा पगार जास्तही असेल. इथून अर्ज करताना त्या पगाराची किंमत शून्य. मोजला जातो तो त्याचा तिथला पगार. आपल्याकडे सासरची मंडळी सुनेचा पगार निदान मोजतात तरी.

आकडा गाठायचा दुसरा मार्गही आहे, आणि तो फार सोपा आहे: बँकेत ८८,५०० पौंड रोख ठेवा आणि सहा महिने त्यांना हात लावू नका. रुपयांत सुमारे एक कोटी. एवढे पैसे सहा महिने नुसते पडून राहू देणाऱ्या माणसाला विलायतेत संसार कशाला थाटायचाय, हा प्रश्न अर्जात विचारलेला नाही.

नवऱ्याला मात्र एक गोष्ट आधीच बजावून ठेवा: लग्नासाठी बिनपगारी रजा घेऊन यायचं नाही. नोकरदाराच्या सहा महिन्यांच्या पगारपत्रकांत ज्या महिन्याचा आकडा सगळ्यात खाली असतो, त्याच्यावरच नजर जाते. स्वतःच्या लग्नाला आला म्हणून पगार घसरला आणि पगार घसरला म्हणून बायको आली नाही, असं व्हायला नको. शनिवारी हळद, रविवारी लग्न, सोमवारी सकाळी विमान. सत्यनारायण तुम्ही एकटीने उरका. देव समजून घेतो, त्याच्याकडे सहा महिन्यांचं बँक विवरण मागत नाहीत.

इथे एक गंमत सांगायला हवी. हाच मुलगा तिथला नागरिक नसता, दोन वर्षांपूर्वी पुण्याहूनच संगणकाच्या नोकरीचा व्हिसा घेऊन गेलेला असता, तर तुम्ही त्याच्या ‘अवलंबित’ म्हणून गेला असता. तुमच्या नावे २८ दिवस बँकेत पडून असलेल्या २८५ पौंडांवर भागलं असतं, आणि कंपनीने हमी दिली तर तेही दाखवावे लागले नसते. २९,००० ची अट आहे ती लेस्टरमध्ये जन्मलेल्याला, तिथे कर भरणाऱ्याला, तिथे मत देणाऱ्याला. म्हणून स्थळं बघताना ‘मुलगा तिकडचाच आहे’ असं कुणी कौतुकाने म्हणालं की दोन पावलं मागे सरा.

आता प्रेमाकडे वळू. नातं ‘खरं आणि टिकून असलेलं’ आहे हे दाखवायचं असतं, आणि आपण एकमेकांना प्रत्यक्ष भेटलो आहोत हेही. बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी पुढे करताना कुणी फोटो काढला नसेल, तर कार्यक्रम पुन्हा करा. लग्नाचा अल्बम जरा चाळून द्या. त्यात अर्ध्या फोटोंत तुमच्या दोघांमध्ये अंतरपाट धरलेला असतो, आणि नवराबायकोच्या मध्ये चादर का, हे तिथल्या अधिकाऱ्याला समजावणारं कुणी नसतं. उरलेल्या अर्ध्यांत तुम्ही मुंडावळ्यांआडून जमिनीकडे बघताय आणि तो होमाच्या धुराने डोळे चोळतोय. मामा तेवढे हसताना दिसतात. असा अल्बम बघून कुणालाही वाटेल की हे लग्न मामांनी स्वतःच्या सोयीसाठी लावलं.

मोबाईलवरचे निरोप तर त्याहून बिकट. ओळखीतल्या एका मुलीने प्रामाणिकपणे सगळे छापून काढले. रोजचे निरोप. मजकूर असा:

‘जेवलास?’
‘हो.’
‘काय?’
‘कालचीच भाजी.’
‘गरम केलीस ना?’
‘हो गं.’
‘बरं. झोप आता.’

पानंच्या पानं हेच. कुठे एक बदाम नाही, ‘तुझ्याविना जगू शकत नाही’ नाही. मधेच एकदा ‘आईच्या गुडघ्याचं काय झालं?’, त्यावर ‘डॉक्टरकडे नेते उद्या’. आपल्याला हे वाचून कळतं की ही दोघं आता मेल्याशिवाय वेगळी व्हायची नाहीत. साहेबाला वाटेल की हा खानावळवाली आणि गिऱ्हाईक यांच्यातला पत्रव्यवहार आहे. तेव्हा आजपासून सवय बदला. रोज रात्री साडेदहाला, भारतीय प्रमाणवेळेनुसार, नवऱ्याला एक तरी वाक्य असं पाठवा की ते घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर वाचता येणार नाही. लाज वाटली तर वाटू दे. फाईलला वाटत नाही.

आणि कुरकुर करू नका, कारण तुमच्या आधीच्यांनी याहून पुष्कळ सोसलंय. १९७९ च्या जानेवारीत एक ३५ वर्षांची भारतीय शिक्षिका लग्नासाठी हीथ्रो विमानतळावर उतरली. ती खरोखर अविवाहित आहे का, याची खात्री तिथल्या डॉक्टरकडून तिची कौमार्य तपासणी करून घेतली गेली. फाईलमध्ये तेव्हा फोटो लागत नसत, एवढंच. पुढे बरीच वर्षं, १९९७ पर्यंत, असा नियम होता की लग्न करण्यामागे ब्रिटनमध्ये येणं हा मुख्य हेतू नव्हता हे येणाऱ्यानेच सिद्ध करायचं. हेतू नव्हता हे कागदावर कसं दाखवायचं? मी इथे येऊ इच्छित नाही, म्हणून मला येऊ द्या, असा काहीसा तो अर्ज असे.

समानतेच्या बाबतीतही त्यांचं देणं मोठं आहे. एके काळी तिथे स्थायिक पुरुष बायकोला सहज आणू शकत, पण बायकांना नवरा आणणं कठीण होतं. तीन बायका युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि १९८५ मध्ये जिंकल्या. हा भेदभाव आहे, तो दूर करा, असा निकाल लागला. सरकारने तो लगेच दूर केला. बायको आणणंही तितकंच कठीण करून टाकलं.

इंग्रजीचं विसरलेच. तुम्ही विद्यापीठातून इंग्रजी घेऊन एम. ए. केलंय, शेक्सपिअरवर दीडशे पानं लिहिलीत, हे छानच. पण ज्या देशांच्या नागरिकांना भाषेच्या परीक्षेतून सूट आहे त्या यादीत अमेरिका आहे, ऑस्ट्रेलिया आहे, जमैका आहे, भारत नाही. तुमची पदवी इंग्रजीतून झाली आणि ती तिथल्या पदवीच्या तोडीची आहे असा दाखला एका ब्रिटिश संस्थेकडून पैसे भरून आणा. नाहीतर सरळ पहिल्या पायरीची परीक्षा द्या. पाव तासाच्या आसपास चालते. समोर आणखी एक उमेदवार बसवतात आणि दोघांनी एकमेकांशी आवडीच्या सणाबद्दल किंवा बाजारहाटाबद्दल बोलायचं असतं. शेक्सपिअर मध्ये आणू नका. समोरची बिचारी घाबरते आणि परीक्षकही दचकतो. ‘आय लाइक मॅंगो’ एवढ्यावर उत्तम निभावतं. मेकॉलेने १८३५ मध्ये आपल्याला इंग्रजी शिकवायचं ठरवलं, त्याचा निकाल अजून राखून ठेवलेला दिसतो.

क्षयरोगाची तपासणी निमूट करून घ्या. छातीचा एक्स-रे काढताना मंगळसूत्र उतरवायला लावतात. सासूबाईंना सांगू नका.

दक्षिणेचं म्हटलं होतं. २०२५ च्या एप्रिलपासून अर्जाचे १,९३८ पौंड. शिवाय तिथल्या दवाखान्यांसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५, तो एकदम ३,१०५. दोन्ही मिळून साडेपाच-सहा लाख रुपये. अर्ज फेटाळला तर अधिभार परत मिळतो. अर्जाची फी मिळत नाही, कारण ‘नाही’ म्हणण्याचेही कष्ट पडतातच. अर्जकेंद्रावर गेलात की तिथली मुलगी गोड आवाजात विचारेल: आरामकक्ष हवा? मोबाईलवर निरोप हवे? पासपोर्ट घरपोच हवा? सगळ्याला वेगळे पैसे. आरामकक्षात चहा, बिस्किट आणि जरा मऊ सोफा मिळतो. बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत टोकन घेऊन बसलेल्यांचे आणि तुमचे कागद पुढे जातात त्याच टेबलावर. तरी घ्या. सहा लाखांत बिस्किट तरी पदरात पडलं, असं सांगता येईल.

नावाचा घोळ घालू नका ही कळकळीची विनंती. आपल्यात मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर ते जाऊन नवऱ्याचं, आडनाव बदलतंच, आणि काही घरांत अजूनही ताटातल्या तांदळांत अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. म्हणजे पासपोर्टवर एक बाई, आधारवर दुसरी, महापालिकेच्या विवाह प्रमाणपत्रावर तिसरी. या तिघींपैकी त्याची बायको कोण, हा प्रश्न रास्त आहे. सासरच्यांना तांदूळ हवाच असेल तर तुमचं जुनंच नाव लिहायला सांगा. ते ऐकणार नाहीत. मग तांदळाचा फोटो फाईलमध्ये घालू नका.

एवढं करून व्हिसा आला तर तो ३३ महिन्यांचा असतो. त्याआधीच मुदतवाढीचा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा अधिभार, इंग्रजीची पुढची पायरी. पाच वर्षांनी कायमच्या वास्तव्यासाठी त्या देशाबद्दलची २४ प्रश्नांची परीक्षा. १८ बरोबर यायला हवेत. अभ्यास तुम्ही एकटीने करायचा. नवऱ्याला त्यातलं विचारू नका. तो तिथेच जन्मलाय, त्याला एकही येणार नाही आणि घरात विनाकारण वाद होतील.

आणि मुदतवाढीला एकत्र राहत असल्याचा पुरावा लागेल: दोघांच्या नावाने आलेली पत्रं, बिलं, तीही वेगवेगळ्या ठिकाणांहून आणि सगळा काळ भरून काढतील अशी. म्हणून पोचल्या दिवशी तो ‘चल, थेम्सच्या काठी जाऊन येऊ’ म्हणाला तर आधी त्याला घरपट्टीच्या नगर परिषदेला फोन लावायला सांगा. बिलावर तुमचं नाव चढू दे. मग विजेच्या कंपनीला, मग पाण्याच्या. तिथे तासन्‌तास फोनवर संगीत ऐकवतात. तेवढ्यात वरणभाताचा कुकर होतो. आणि त्याला म्हणावं, उरलेलं टाकून देऊ नकोस, उद्या मला निरोप पाठवून विचार, गरम केलंस का म्हणून. शेजारच्या खोलीतूनच पाठव. एक बदामही टाक.