पाडव्यापासून नक्की

फाल्गुन सरत आला, आंब्याचा मोहोर गळून बारीक कैऱ्या धरू लागल्या आणि दुपारचा पंखा दोनावरून चारावर गेला, की सज्जन माणसाच्या मनात सुधारण्याची एक बारीकशी ऊर्मी उठते. ही ऊर्मी वेळीच योग्य मार्गाला लावली नाही, तर त्या भरात माणूस उठून एखादे काम खरोखरच करून टाकण्याचा धोका असतो. असे होऊ नये म्हणूनच पूर्वजांनी मुहूर्त काढून ठेवले असावेत, असे माझे मत आहे. मुहूर्त पुढे असला की आज काही करता येत नाही आणि आज काही करत नाही म्हणून कोणी बोलही लावू शकत नाही. उलट, तयारी चालू आहे, असे मान वर करून सांगता येते. आपणही यंदाच्या वसंतात घरी आणि कचेरीत नवी सुरुवात करण्याच्या विचारात असाल, तर एका निमसरकारी कार्यालयाच्या लेखाशाखेत सव्वीस वेळा मार्चअखेर काढलेल्या माणसाचे चार शब्द ऐकून ठेवावेत.

सर्वप्रथम तारीख निवडावी. या बाबतीत मराठी माणसाइतके नशीबवान कोणी नसेल. १ जानेवारी हुकला तर गुढीपाडवा असतो, पाडवा हुकला तर १ एप्रिल असतो, तोही गेला तर शाळा जूनमध्ये सुरू होतातच, आणि एवढ्यानेही भागले नाही तर व्यापाऱ्यांच्या वहीपूजनाचा दिवाळीचा पाडवा आपली वाट पाहत उभा असतो. ज्यांना आणखी एक राखीव तारीख हवी असेल त्यांच्यासाठी भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका लागू केलेली आहे. तिचा १ चैत्र २२ मार्चला, आणि लीप वर्षी २१ मार्चला, येतो. ही तारीख मी विशेष शिफारस करून सुचवतो, कारण तिची कोणाला कल्पनाच नसल्याने त्या दिवशी केलेला संकल्प मोडल्याचेही कोणाला कळत नाही.

पाडव्याची खरी सोय अशी की तो हलता आहे. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडे पडते आणि मग अधिक महिना घालून ते सावरावे लागते. त्यामुळे पाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला आला. तो एप्रिलात असेल तर ‘मार्चएंड तर होऊ द्या, मग पाडव्यापासून बघतो’ असे म्हणावे आणि मार्चात असेल तर ‘पाडवा नेमका मार्चएंडच्या धबडग्यात आला हो, आता एप्रिलपासून’ असे म्हणावे. २०२५ हे वर्ष तर या दृष्टीने पर्वणीच होते. रविवारी गुढी उभारली, सोमवारी ३१ मार्च उजाडला आणि मंगळवारी नवे आर्थिक वर्ष लागले. म्हणजे तीन दिवसांत एक वर्ष सुरू झाले, दुसरे संपले आणि तिसरे सुरू झाले. रोज सकाळी तासभर चालायला जाण्याचा एकच संकल्प मी त्या तीन दिवसांत दोनदा सोडला. आपल्या भाषेत संकल्प करण्यालाच ‘संकल्प सोडणे’ म्हणतात, ही गोष्ट अशा वेळी मनाला फार धीर देते.

कोणी विचारेल की वर्षाची ही दुहेरी व्यवस्था एकदाची का मिटवून टाकत नाहीत. त्याचेही प्रयत्न झालेले आहेत, आणि नवी सुरुवात कशी करावी याचा वस्तुपाठ म्हणून ते आपण अवश्य अभ्यासावेत. एप्रिल ते मार्च हे आर्थिक वर्ष इंग्रजांनी १८६७ मध्ये आणले. त्याआधी ते १ मे ते ३० एप्रिल असे होते. ते बदलून जानेवारीपासून धरावे, असे एल. के. झा समितीने १९८५ च्या सुमारास सुचवले. सूचना इतकी मोलाची होती की २०१६ मध्ये शंकर आचार्य यांच्या अध्यक्षतेखाली त्याच प्रश्नावर पुन्हा समिती नेमण्यात आली. आर्थिक वर्ष अजूनही १ एप्रिललाच सुरू होते. एखाद्या गोष्टीचा एवढा सखोल विचार झाल्यावर ती करण्याची गरज उरत नाही, हे आपल्या घरातल्या गळक्या नळालाही लागू पडते.

आता कार्यालयाकडे वळू. आमच्याकडे वसंताची चाहूल कोकिळेच्या कुहू कुहूने लागत नाही. ‘अखर्चित निधी व्यपगत झाल्यास त्याची जबाबदारी संबंधितांवर राहील’ या ओळीचे, म्हणजे उरलेला पैसा संपवा नाहीतर तो परत जाईल असे बजावणारे, पत्र आले, की समजावे, ऋतुराज आले. एप्रिल ते डिसेंबर ज्या कार्यालयात पंख्याची पाती पुसायला फडके मागितले तर तीन सह्या लागतात, तेच कार्यालय मार्च लागताच कर्णाचा अवतार धारण करते. वर्षअखेरीस खर्चाची झुंबड उडवणे हा वित्तीय औचित्याचा भंग समजावा, असे केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे, आणि शेवटच्या तिमाहीत तरतुदीच्या ३३ टक्के व एकट्या मार्चमध्ये १५ टक्के यांहून अधिक खर्च होऊ नये, अशी अर्थमंत्रालयाची मर्यादाही आहे. हे नियम केंद्राचे असल्यामुळे आम्ही ते आदराने आणि लांबून वाचतो.

आपल्याही कार्यालयाला नव्या सुरुवातीचा ध्यास असेल तर आमच्या कपाटांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. काही वर्षांपूर्वी २९ मार्चला, चहाच्या वेळेस, आमच्या दारात टेम्पो उभा राहिला आणि त्यातून बारा लोखंडी कपाटे उतरली. अभिलेख कक्षाचे आधुनिकीकरण, या खर्चाच्या शीर्षाखाली पैसे शिल्लक होते. कपाटे उद्वाहनात मावेनात, म्हणून चार हमालांनी ती जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवली आणि चढवता चढवता दुसऱ्या मजल्यावरच्या भिंतीचा, आदल्याच आठवड्यात दुसऱ्या शीर्षाखाली लावलेला, नवा रंग खरवडून काढला. अभिलेख कक्षात जुनी कपाटे होती. ती हलवायची तर आधी त्यांचे निर्लेखन, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून कमी करणे, व्हायला हवे, निर्लेखनासाठी समिती बसायला हवी आणि समितीचे दोन सदस्य मार्चअखेरच्या कामात गुंतलेले. तेव्हा नवी कपाटे व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवली, जडवस्तू नोंदवहीत त्यांची नोंद केली, प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातला आणि ३१ तारखेला रात्री साडेदहा वाजता देयक पारित झाले. टाळ्या वाजल्या, वडापाव आले. ती कपाटे आजही व्हरांड्यात आहेत. एकात शिपाई डबे ठेवतात आणि उरलेल्या अकरांच्या किल्ल्या एका लिफाफ्यात आहेत. तो लिफाफा जुन्या कपाटात आहे.

खासगी कंपनीत नोकरी असेल तर एवढे कष्ट पडत नाहीत. आमची कन्या हिंजवडीला जाते. तिच्याकडे वसंतात ‘गोल्स’ भरायचे असतात. गेल्या वर्षीच्या तक्त्यात साल बदलायचे, ‘सुधारणा करीन’च्या जागी ‘लक्षणीय सुधारणा करीन’ असे लिहायचे आणि साहेबांनी ते वाचले असे साहेबांनी लिहायचे, एवढाच विधी असतो. तिच्या इमारतीच्या काचेबाहेर एक पिंपळ आहे. मार्चमध्ये त्याची जुनी पाने झडून तांबूस, चकचकीत पालवी फुटते. त्याने कोणताही तक्ता भरलेला नसल्यामुळे त्या पालवीचे मूल्यमापन करता येत नाही, आणि म्हणून ती कामगिरीत धरली जात नाही.

करबचतीच्या गुंतवणुकीबद्दल एवढेच सांगतो की ती ३१ मार्चच्या संध्याकाळीच करावी. आदल्या एप्रिलपासून थोडी थोडी करणाऱ्या माणसाशी मार्चमध्ये कोणी सहानुभूतीने बोलत नाही. पीपीएफच्या खात्यात महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पैसे भरले तर त्या महिन्याचे व्याज मिळते, कारण व्याज ५ तारीख ते महिनाअखेर यांतल्या सर्वांत कमी शिलकीवर काढतात. वेळेवर सुरुवात करणाऱ्याला रोख बक्षीस देणारी अशी योजना मला संशयास्पद वाटते. मी दरवर्षी ६ एप्रिलला भरतो.

घरातली नवी सुरुवात माळ्यापासून करावी. स्वयंपाकघरापासून केली तर ती त्याच दिवशी संपण्याची भीती असते; माळ्याचे तसे नसते. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत चढू असे ठरवून, ऊन चढल्यावर स्टुलावर चढावे. खाली तीन ढीग करावेत: ठेवायचे, टाकायचे आणि बघू. पहिल्या दोन ढिगांना फार जागा लागत नाही. गेल्या वर्षी आमच्या ‘बघू’च्या ढिगात बिनझाकणाचे सात डबे, बिनडब्याची अकरा झाकणे, भांडे फुटलेल्या मिक्सरची मोटार, विकून टाकलेल्या स्कूटरचा आरसा आणि मी स्वतःच्या हाताने ‘वायरी – लागतील’ असे लिहिलेले खोके निघाले. झाकणे एकेक करून डब्यांना लावून पाहण्यात पाऊण तास गेला. एकही बसले नाही. “अहो, मग हे टाकायचं का?” असे सौ. ने खालून विचारले. “राहू दे, एखादा डबा निघेल,” असे मी वरून म्हणालो. त्यावर तिने जे काही म्हटले ते पंख्याच्या आवाजात मला ऐकू आले नाही, असे आम्ही दोघांनी मानले. दुपारी सगळे परत वर गेले, फक्त उलट क्रमाने. याला आवराआवर म्हणतात, आणि तिच्यानंतर अंगाला जी कणकण येते ती आपण काहीतरी बदलले आहे याची खात्री पटवते.

उन्हाळ्याची वाळवणे हा या ऋतूतला दुसरा सन्माननीय मार्ग. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालावे, रोज पाणी बदलावे, मग ते वाटून चीक काढावा, तो बसू द्यावा, शिजवावा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडावा, हे सर्व आपल्याला तोंडपाठ असले की पुरे. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सचिवांकडे असते आणि सचिव गावाला गेलेले असतात. बचत गटाच्या ताईंकडून दोन किलो कुरडया आणाव्यात, त्यांतल्या पंधरा-वीस जुन्या साडीवर मांडून खिडकीच्या उन्हात ठेवाव्यात आणि छायाचित्र काढून नातेवाइकांच्या समूहावर टाकावे. सासूबाईंचा अंगठा आला की कुरडया डब्यात भराव्यात. डब्याला झाकण नसेल तर वर पहावे.

प्रत्यक्ष पाडव्याच्या दिवशी मात्र कोणतीही नवी सुरुवात करू नये, कारण त्या दिवशी वेळच नसतो. कळकाची काठी सज्जाच्या जाळीतून बाहेर काढायची, तर वरच्या मजल्यावरच्यांच्या ओल्या चादरी आड येतात. जरीचा खण, गाठी, कडुलिंबाची डहाळी आणि पालथा गडू यांचा तोल सांभाळत सुतळीची गाठ मारेपर्यंत नऊ वाजतात. मग कडुलिंबाची कोवळी पाने, ओवा, हिंग, मिरे, चिंच, मीठ आणि गूळ एकत्र वाटलेली गोळी खावी लागते. वर्षभर आरोग्य राखण्याचा सगळा भार आम्ही या एका गोळीवर टाकलेला असून तिच्यातला गूळ दरवर्षी थोडा थोडा वाढवत नेला आहे. यंदा तिला लाडू म्हणायला हरकत नव्हती. त्यानंतर श्रीखंड-पुरी होते, आणि श्रीखंड-पुरीनंतर संकल्पाची गोष्ट काढणे हा श्रीखंडाचा अपमान आहे.

राहता राहिली संकल्प लिहिण्याची वही. ही वही नवीन घेऊ नये. नव्या वहीच्या पहिल्या पानाचा धाक वाटतो. माझ्याकडे २०११ सालची जाड पुठ्ठ्याची दैनंदिनी आहे. दरवर्षी तिच्या पहिल्या पानावर मी सुवाच्य अक्षरांत संकल्प लिहितो आणि पुढच्या वर्षी ते पान हलक्या हाताने फाडतो, की वही पुन्हा कोरी. अशा रीतीने सर्व नव्या सुरुवाती एकाच वहीत झाल्या आणि ती अजून दोनशे वर्षे सहज पुरली असती. गेल्या आठवड्यात ती टेबलावर दिसेना. शोधली तेव्हा स्वयंपाकघरात फ्रीजवर सापडली: सौ. ने तिच्या मधल्याच एका पानापासून दुधाचा, गॅसच्या टाकीचा आणि कुरडयांचा हिशेब लिहायला घेतला आहे, आणि बारा पाने भरलीदेखील आहेत. वही परत मागायला हवी. तिच्याशी मी बोलणारच आहे. आर्थिक वर्ष तेवढे संपू दे.