पॉलोनिया खरंच दाट सावली देते का?

'पॉलोनिया लावा, ३ वर्षांत घरावर दाट सावली. इतर झाडांच्या १० पट कार्बन शोषते, मुळे सरळ खाली जातात, तोडले तरी पुन्हा फुटते.' हा मजकूर जिकडेतिकडे फिरतो आहे. झाड देखणे आहे, जांभळी फुले तर फारच सुंदर. पण अंगणासाठी मी ते कुणालाही सुचवणार नाही.

आधी सावलीचेच पाहू. वाढ झपाट्याने होते हे खरे, कोवळ्या झाडाची पानेही सुपाएवढी. पण चीनमध्ये गव्हाच्या शेतात पॉलोनिया मुद्दाम लावतात, ते कशासाठी? त्याला पालवी उशिरा फुटते आणि माथा विरळ असतो, म्हणून गव्हाला ऊन मिळते. शेतात कामी येणारा हा गुण दाट सावली हवी असणाऱ्याच्या मुळावर येतो. शिवाय झाड पानगळीचे, वर्षातले काही महिने उघडेच.

लाकूड अतिशय हलके, कोवळ्या फांद्या आतून पोकळ. जपानमध्ये कोतो हे वाद्य याच लाकडाचे करतात, तिथे हलकेपणा हवाच. छपरावर झुकलेल्या फांदीला वादळात तो नको.

कार्बनचा दावाही इथेच अडतो. झाडाच्या कोरड्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो. पॉलोनियाच्या लाकडाची घनता सागाच्या निम्म्याहून कमी, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या खोडात कार्बनही त्याच मानाने कमी. ते मका-उसासारखे 'सी-४', म्हणजे कडक उन्हात कार्बन अधिक कार्यक्षमतेने शोषणाऱ्या वनस्पतींपैकी आहे असेही सांगतात. नाही, बहुतेक झाडांसारखे ते नेहमीच्या पद्धतीने कार्बन शोषणारे 'सी-३'च आहे.

मुळांचे म्हणणे अर्धे खरे. मोकळ्या, खोल मातीत ती खोल जातात. घराभोवती बहुधा भराव आणि विटांचे तुकडे असतात, आणि पाणी साचले की मुळे कुजतात.

'तोडले तरी फुटते' हे मात्र पूर्ण खरे, आणि मला सर्वांत काळजी त्याचीच वाटते. नको झाले तरी मुळांतून धुमारे येत राहतात. पूर्व अमेरिकेत शोभेसाठी नेलेली याची एक जात आता आक्रमक ठरली आहे. तिचे एक मोठे झाड वाऱ्यावर लाखो बारीक बिया सोडते.

वेगळेच झाड हवे असेल, तर आसपासच्या रानात वाढणारे पण अंगणात क्वचित दिसणारे एखादे शोधा. रोप आणण्याआधी त्याच्या पूर्ण वाढलेल्या झाडाखाली भर दुपारी उभे राहून बघा.