हैदराबाद बघायला निघालात? मग एवढं पाळाच

कापसाचा चुकारा हाती पडला की पहिलं काम हैदराबादची ट्रिप. पांढरकवड्याहून हायवे 44 धरला की आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी करत रस्ता थेट तिथंच जातो. नऊ सीटच्या गाडीत चौदा जण बसवा. ऐनवेळी सूनबाईच्या माहेरचे दोघं वाढतातच, त्यांना नाही म्हणू नका. भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी सोबत घ्या. परक्या मुलखात आपल्याला खायला काय भेटणार!

निघायचं गुरुवारी रात्री, म्हणजे शुक्रवारी पोचाल. सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असतं, निजामाचा चौमहल्ला राजवाडाही बंद. तिकिटाचे पैसे वाचतात, तंगडतोड वाचते. म्युझियममधल्या घड्याळातून म्हणे दर तासाला एक बारका माणूस बाहेर येऊन टोले देतो, आणि ते बघायला गर्दी जमते. टोले देणारे आपल्या घरात कमी आहेत का?

चारमिनार 1591 चा, मुहम्मद कुली कुतुबशहानं बांधलेला. त्याच्याकडं पाठ करून उभं राहायचं असतं. चारही मिनार फोटोत बसावेत म्हणून जावईबापूंना भर रस्त्यात उकिडवं बसवा. ऑटोवाले काय म्हणतात ते तेलुगूत असल्यामुळं मनाला लागत नाही.

गोवळकोंड्याला मात्र कंजुषी नको. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली ठरावीक जागी टाळी वाजवली की ती वर किल्ल्याच्या माथ्यावरच्या बालाहिसारला, जवळपास किलोमीटरभर अंतरावर, ऐकू जाते. खाली कोणी आलं तर वर वर्दी मिळावी म्हणून केलेली ही सोय. अर्धे लोक वर धाडा, अर्धे खाली ठेवा. खाली इतर ट्रिपांचेही लोक टाळ्या पिटत असतात, तेव्हा आपली टाळी ओळखायला मोबाइल हवाच. खालून फोन लावायचा, "आली का?"

"आली ना बे! लय जोरात आली!"

"बाप्पा! मी तं अजून वाजोलीच नाही."

तरी गावात सांगताना टाळी ऐकू आली असंच सांगायचं.

मग लाड बाजारात लाखेच्या बांगड्या. दुकानदारानं सांगितलेल्या भावाच्या निम्मा भाव सांगा. तो लगेच हो म्हणाला तर पाव सांगायला हवा होता, पण तवर काकूंनी पर्स उघडलेली असते.

चौमहल्ल्याच्या बंद फाटकापुढं एक फोटो पुरे. इथंच ट्रिपमधले एखादे मास्तर तोंड उघडतील, हे धरून चाला. वऱ्हाड मुळात निजामाचं. फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी 1853 साली इंग्रजांनी ते हाताखाली घेतलं. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झननं वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचं मक्त्यानं करून टाकलं. 1936 पासून निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणत, म्हणजे आपल्या यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाण्याचा राजपुत्र! "आतल्या झुंबरांत आपल्या कापसाचाही पैसा असन," असंही ते म्हणतील. वावर मक्त्यानं गेलं, पण वावरातल्या माणसाला कोणी विचारलं नाही, इथवर त्यांची गाडी येते. येऊ देऊ नका. मास्तरांना मागच्या सीटवर भाकरीच्या टोपल्यापाशी बसवा आणि गाडी बिर्याणीकडं घ्या. शुक्रवारचा उपास कोणाकोणाचा आहे ते तिथं पोचल्यावरच कळतं, त्यामुळं पुढची संध्याकाळ साबुदाण्याची खिचडी शोधण्यात आरामात जाते.