पाटी एक, चुली तीन

गेला आठवडाभर इथल्या ऑफिसवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘जुने फाइल सर्व्हर डीएफएसने जोडा, एकच व्हर्च्युअल सर्व्हर करा. जागेची बेरीज होते, वेग वाढतो, एक बंद पडला तरी काम थांबत नाही, बॅकअपचाही खर्च वाचतो.’ डीएफएस म्हणजे विंडोज सर्व्हरमधली, वेगवेगळ्या मशीनवरची फोल्डरं एकाच पत्त्याखाली दाखवायची सोय. बडोद्यात ऑफिसांचे सर्व्हर लावून देणं हाच माझा धंदा, त्यामुळे तिघांनी तो मलाच पाठवला.

आधी जागेचं. मायक्रोसॉफ्टचं डीएफएस नेमस्पेस, म्हणजे ही एका पत्त्याची यादी, डिस्क जोडत नाही, नुसता पत्ता सांगतं. तुम्ही ‘हिशेब’ फोल्डर उघडलंत की ते म्हणतं, हे त्या दुसऱ्या मशीनवर आहे, तिकडे जा. फाइल मग थेट तिथून येते. 2 टीबीचे तीन सर्व्हर जोडले तरी ‘हिशेब’वालं मशीन भरलं की कॉपी अडलीच, शेजारी दीड टीबी रिकामी का असेना. वाड्याच्या दारावर एकच पाटी लावली म्हणून तीन बिऱ्हाडांची चूल एक होत नाही. (खरी बेरीज ‘सेफ’सारख्या (इंग्रजीत Ceph), अनेक मशीनच्या डिस्क एकत्र वापरणाऱ्या सिस्टिम करतात. पण आपण काही बदललं नाही तर सेफ प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवतं, म्हणजे 6 टीबीतून हाती जेमतेम 2.)

वेगाबद्दल काय बोलणार? चार माणसं चार सर्व्हरवर वाटली गेली तर भार हलका होईल, बस. सर्व्हर कितीही जोडा, तुमच्या कॉम्प्युटरला आलेल्या गिगाबिट नेटवर्कच्या तारेतून सेकंदाला साधारण 110 एमबीच येणार.

‘काम थांबत नाही’ हे मात्र अर्धं खरं आहे, आणि मी पोळलोय तो इथेच. त्यासाठी एका फोल्डरच्या दोन सर्व्हरवर प्रती ठेवून रेप्लिकेशन, म्हणजे एकीकडचा बदल आपोआप दुसरीकडे नेणारी सोय, लावावं लागतं. दांडिया बाजारातल्या एका ड्रॉइंग ऑफिसात मी ते हौसेनं लावून दिलं. दुपारी एकानं जिन्याचं ड्रॉइंग एका सर्व्हरवरून उघडलं, दुसऱ्यानं तेच दुसऱ्यावरून. फाइलचं लॉक त्या त्या सर्व्हरपुरतंच, त्यामुळे ‘फाइल वापरात आहे’ असं कुणालाच दिसलं नाही. दोघांनी सेव्ह केलं. नियमाप्रमाणे शेवटचा जिंकला. पहिल्याचं तीन तासांचं काम रात्री एका लपवलेल्या फोल्डरात, लांबलचक आकड्या-अक्षरांचं शेपूट लागलेलं, सापडलं.

बॅकअपचं तर विचारूच नका. चुकून डिलीट केलेली फाइल रेप्लिकेशन दुसरीकडूनही तितक्याच इमानदारीनं उडवतं.

त्या ऑफिसात आता दुसऱ्या प्रतीकडे कुणाला पाठवतच नाही. पहिला सर्व्हर पडला की मला फोन येतो, मी दुसरी हातानं चालू करतो. बॅकअपची डिस्क रोज संध्याकाळी साहेब डब्याच्या पिशवीतून घरी नेतात.