कार्बन सॉकेटची कड लायटरने गुळगुळीत होत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

कृत्रिम पाय वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, नाशिकच्या ग्रुपवर पण आला. त्यात म्हटलंय की कार्बन फायबरच्या सॉकेटची (स्टंप, म्हणजे कापलेल्या पायाचा उरलेला भाग, ज्यात बसतो तो कडक साचा) कड टोचत असेल तर वर्कशॉपला पैसे घालवू नका, लायटरने कड गरम करा, 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, वरून फेविक्विक फिरवा, काम झालं, आणि धुळीची भीती नको, कार्बन म्हणजे शेवटी कोळसाच. मी सॉकेट लॅमिनेट करायचं आणि फिनिशिंगचंच काम करतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं, लायटर. हे कुठून आलं ते कळतं मला. जयपूर फूटच्या पायाचं सॉकेट एचडीपीईचं, म्हणजे एका प्लास्टिकचं असतं, ते गरम केलं की नरम पडतं, वळतं, कड बसवता येते. कार्बन सॉकेट तसं नाही हो. पीओपीच्या साच्यावर आधी स्टॉकिनेट (मोज्यासारखं विणलेलं नळीचं कापड), मग कार्बनचे थर, परत स्टॉकिनेट, वर पीव्हीए बॅग (पातळ प्लास्टिकची पिशवी), आणि व्हॅक्यूम लावून त्यात रेझिन, म्हणजे पातळ ओतून घट्ट होणारं रसायन, जिरवलेलं असतं. हे रेझिन एकदा सेट झालं की वितळून पसरत नाही, फारतर थोडं नरम पडेल, आणि लायटरच्या ज्योतीत सरळ जळेल. कार्बनचा तंतू मात्र तसाच राहतो. म्हणजे तंतूंना धरून ठेवणारं जे होतं तेच तुम्ही जाळलं, आता ती टोकं मोकळी झाली आणि आधीपेक्षा जास्त टोचणार. वर तो धूर नाकात गेला तो वेगळाच.

80 नंबरचा पेपर. हा फार खरखरीत, नंबर वाढला की पेपर बारीक. लवकर काम होतं हे खरं, पण त्याचे ओरखडे तसेच राहतात आणि त्यातून तंतू वर येतात. आम्ही राउटरवर (घासायच्या मशीनवर) कडेला गोलाई दिल्यावर हाताने 120, 220, 400, 600 असं चढत जातो, शेवटचे नंबर वॉटर पेपरने पाणी लावून, आणि हात कडेच्या लांबीने फिरवतो, आतून बाहेर ओढत नाही, कारण तसं ओढलं की थर सुटायला लागतात. मग जुना नायलॉनचा मोजा कडेवरून फिरवून बघायचा, जिथे अडकला तिथे अजून तंतू आहे.

फेविक्विकचा मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे. पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकमधलाच गोंद, कापलेल्या कडेत जिरतं आणि सुटे तंतू बांधून टाकतं, वर्कशॉपमध्ये पण वापरतात. पण ते पूर्ण वाळू द्यायचं, मग परत बारीक पेपर मारायचा, नाहीतर त्याचाच कडक थेंब काचेसारखा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओलं असताना सुती कापडाने किंवा स्टंपच्या मोज्याने पुसू नका. सुताला लागलं की ते एकदम तापतं, चटका बसतो. ज्याला शुगरमुळे पायाला नीट कळत नाही त्याला तर जखम झालेलीही लवकर कळणार नाही.

आता कोळसा. कार्बनचा तंतू साधारण 5 ते 7 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो, अख्खा तंतू फुप्फुसात खोलवर जाणं अवघड, पण घासताना तो तुटतो आणि सोबत रेझिनची पावडर उडते, ती घशात, डोळ्यात, कातडीत जाते. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत फायबरच्या कामावर कुणी ओळखीचं असेल तर त्याला खाजेबद्दल विचारा. रुमाल बांधून भागत नाही, एन-95 लागतो, चष्मा लागतो, आणि पाणी लावून घासायचं. शिवाय कार्बनमधून वीज जाते, ही धूळ ग्राइंडरच्या मोटरमध्ये किंवा बोर्डात शिरली तर शॉर्ट होऊ शकतं. कोळसा म्हणून घरात, पोरांच्या जवळ बसून घासू नका राव.

आणि जे मेसेजमध्ये नाहीच ते मला सगळ्यात जास्त सांगायचंय. कड टोचते म्हणजे कडच खराब असं नसतं. स्टंप बारीक होतो, विशेषतः ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, नंतरही वजन घटलं की होतो, दिवसभरातही होतो, निफाड-दिंडोरीकडचे लोक द्राक्षाच्या छाटणीच्या टायमाला सकाळपासून मांडवाखाली उभे असतात, दुपारपर्यंत सॉकेट सैल झालेलं असतं. मग स्टंप आत खाली सरकतो आणि कड नको तिथे लागते. तिथे एखादा मोजा वाढवून काम होतं. पण तुम्ही कड घासून खाली घेतली, तर जिथून वजन किंवा आधार घ्यायचा तो भागच गेला, आणि कार्बन घासलेला परत भरता येत नाही, बऱ्याचदा सॉकेट नवीन करावं लागतं. हजाराच्या कामासाठी आख्खं सॉकेट घालवायचं का?

त्यामुळे कड लागायला लागली की लालसर डाग कुठे पडतो आणि दिवसाच्या कुठल्या वेळेला पडतो ते बघून ठेवा, फोटो काढा. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही किंवा कातडी सोलली असेल तर पाय घालणं थांबवा. प्रोस्थेटिस्टकडे (कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे) जाताना रोजचेच मोजे आणि रोजचेच बूट घालून जा, टाचेची उंची बदलली की सॉकेटचा दाब पण बदलतो आणि मग खरी जागा सापडत नाही.