‘आधी पाणी, मग संस्कृती’ या मेसेजबद्दल

उन्हाळा लागला की आमच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मराठवाड्याच्या शहरांना पाणी हवं, रस्ते हवेत. वारसा, कला हे पोट भरलेल्यांचे लाड. हिमरू-पैठणी संपली, जुने दरवाजे रस्ता अडवतात.’ खाली दहा-बारा अंगठे.

लातूरची रेल्वे खरी. २०१६ मध्ये मिरजेहून पाणी आलं. पण पाणी विरुद्ध वारसा ही लढत किमान छत्रपती संभाजीनगरात तरी लावू नका, कारण तिथला मोठा वारसा पाण्याचाच आहे. निजामशाहीच्या मलिक अंबरनं १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली आणि तिला नहरीचं पाणी दिलं. डोंगराकडे मुरलेलं पाणी जमिनीखाली गोळा करायचं, भुयारी नहरीतून, खापरी नळांतून नुसत्या उतारावर गावात आणायचं, वाटेत बंबे, म्हणजे पाण्याचे उंच मनोरे, उभारून दाब सांभाळायचा. मोटार नाही, लाइटबिल नाही. आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो ती पाणचक्की याच विद्येवर फिरली. आज जायकवाडीचं पाणी पंपांनी चढवून आणतो आणि तरी नळाची वाट बघतो.

नहरी आजच्या शहराला पुरतील असं मी म्हणत नाही. पण त्या गेल्या कशा? कुठं पाया खणताना फुटल्या, कुठं वर घरं चढली, कुठं गटार मिसळलं. त्यांच्याकडे पाणीपुरवठा म्हणून कुणी बघितलंच नाही. ते ‘जुनं बांधकाम’ होतं.

पैठणी संपली म्हणणाऱ्यांनी येवल्याला जाऊन यावं. पैठणी नाशिक जिल्ह्यात गेली, एवढंच. नाव पैठणचं, बाजारपेठ येवल्याची. विणकर, रंगारी, दुकानदार सगळे तिच्यावर जगतात. हिमरूचे हाल मात्र खरेच वाईट आहेत. हिमरू म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं हातमागाचं कापड: सुताचा ताणा, रेशमाचा बाणा, किनखापाची (जरीच्या रेशमी कापडाची) स्वस्त बहीण. हातमागाच्या शालीशेजारी यंत्रमागाची शाल ‘हिमरू’ म्हणून निम्म्या भावात विकली जात असेल, तर कारागिराचा मुलगा वाळूजच्या कंपनीतच जाणार. याला कला मेली म्हणत नाहीत, गिऱ्हाइकाची फसवणूक म्हणतात.

आणि शहराचे जुने दरवाजे? त्यांना टेकून लावलेल्या गाड्या आधी हलवा, मग बोलू.

रस्त्यांसाठी नांदेड आठवा. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीची, म्हणजे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याची, ३०० वर्षं साजरी झाली, त्यानिमित्तानं शहरात रस्ते-पुलांची मोठी कामं झाली. दहा लाखांच्या आतलं हे शहर केंद्राच्या शहरविकासाच्या नेहरू नागरी अभियानात आलं ते गुरुद्वाऱ्यामुळे. आणि हे काही आमचं मराठवाडी खूळ नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत शहरांचं अकरावं उद्दिष्ट आहे. त्यात घरं, वाहतूक, कचरा यांच्याच रांगेत वारसा जपणं आहे.

मेसेजवाल्यांचं एक मान्य. संस्कृतीच्या नावानं मांडव, झगमगाट, विमानानं आणलेला गायक आणि दुसऱ्या सकाळी मैदानभर रिकाम्या बाटल्या, हे लाडच. तो पैसा नहरीतला गाळ काढायला आणि हिमरूच्या मागावर शिकायला बसणाऱ्या पोरीच्या विद्यावेतनाला द्या. मग त्या मेसेजला मीही अंगठा देईन.