गाडी कलत नाही म्हणजे ती रस्त्याला चिकटली असं नव्हे

चवथीच्या तोंडावर आमच्या वाड्यावरच्या ग्रुपमध्ये एक मेसेज आला. गेल्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकांनी तोच मोबाइल माझ्यापुढे धरला, म्हणजे तो बराच लांबवर पोचलेला दिसतोय. "चोर्ला-अनमोड घाटात गाडी रुळावरून गेल्यासारखी वळवायची आहे?" अशी सुरुवात, आणि खाली उपाय: पुढे-मागे मिळेल तितका जाड स्वे बार टाका, गाडी कमी कलेल आणि पकड वाढेल. कंपनीवाले पैसे वाचवायला मागे बारच देत नाहीत, तो तर आधी टाका. स्प्रिंगची दीड वेटोळी कापून गाडी बसवा. शॉकअप सगळ्यात कडक घ्या. हवा 40 ठेवा.

गोव्यातल्या फोंड्यात अलाइनमेंटच्या रॅकखाली माझी बरीच वर्षं गेली. मेसेज लिहिणारा अगदीच अडाणी नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. प्रत्येक उपायात थोडं खरं आहे.

आधी बार. आमच्याकडे त्याला स्टेबलायझर म्हणतात. तो म्हणजे दोन्ही टोकांना वाकवलेली पोलादी सळई. मधला भाग दोन रबरी बुशांत चॅसीला धरलेला असतो आणि टोकं लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकाशी जोडलेली असतात. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर आली तर बार बुशात नुसता फिरतो, काहीच करत नाही. वळणावर एक बाजू दबते, दुसरी सुटते, तेव्हा मात्र तो पिळला जातो आणि त्या पिळाला विरोध करतो. म्हणून गाडी कमी कलते. इथवर मेसेज बरोबर आहे.

"कमी कलते म्हणजे पकड वाढते" ही पुढची उडी मात्र चुकीची. वळणावर आतल्या चाकांवरचं किती वजन बाहेरच्या चाकांवर जाणार हे गाडीचा वेग, वळणाची त्रिज्या, गाडीचं वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधली रुंदी यांवर ठरतं. बार कितीही जाड टाका, ती बेरीज जवळपास तेवढीच राहते. बार एवढंच ठरवतो की त्यातला मोठा वाटा पुढच्या जोडीने उचलायचा की मागच्या. आणि टायरचा स्वभाव असा की दुप्पट वजन टाकलं म्हणून तो दुप्पट पकड देत नाही. समजा, पुढच्या दोन टायरांवर 300-300 किलो आहे आणि दोघांची मिळून पकड 600 आहे. आता वळणावर बाहेरच्यावर 500 आणि आतल्यावर 100 झाले. बाहेरचा 500 ला 500 देत नाही, समजा 450 देतो. आतला देऊन देऊन शंभराच्या जरा वर देणार. बेरीज साडेपाचशेच्या आसपास. आकडे समजावण्यापुरते आहेत, दिशा खरी आहे. ज्या जोडीला जाड बार, ती जोडी आधी सुटते.

म्हणून पुढे जाड बार टाकला की स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जायला बघते. आपल्या बहुतेक गाड्यांना ओढ पुढच्या चाकांची, त्यामुळे आणखी एक गंमत होते. पायथ्याचं केरी सोडून चोर्ल्याच्या चढाला लागलात, अवघड वळणावर ॲक्सिलरेटर दाबला, की हलकं झालेलं आतलं चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी पुढे सरकत नाही.

शिवाय जाडीचा हिशेब सरळ नसतो. सळईचा पीळ-विरोध व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. 22 मिलिमीटरच्या जागी 25 चा बार टाकला तर तो सुमारे 67 टक्के जास्त कडक होतो. "तीन मिलिमीटरने काय होतंय" म्हणणाऱ्यांनी एकदा कॅल्क्युलेटरवर 25 भागिले 22 करून त्याचा चौथा घात काढावा.

आणि आपले खड्डे. श्रावणात रस्त्याची एक कड उखडलेली असते, डावं चाक खड्ड्यात जातं, उजवं नाही. जाड बार डाव्या चाकाची हाणामारी उजव्याकडेही पोचवतो. रुळावर चालल्यासारखं वाटायचं दूरच, गाडी डोलकाठीसारखी इकडून तिकडे हलते.

मागच्या बारबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यात मेसेज निम्मा खरा आहे. पुढच्या ओढीच्या गाडीला मागे कडकपणा वाढवला तर तोंड जास्त चटकन वळतं. ट्रॅकवर धावणारे हे करतात, आणि कोरड्या, सपाट रस्त्यावर ते छान लागतंही. पण "कंपनीने मागे बार दिलाच नाही" म्हणण्याआधी खाली वाकून बघा. बहुतेक हॅचबॅकना मागे एकच आडवी बीम असते, तिलाच दोन्ही चाकं. वळणावर ती बीमच पिळली जाते आणि बारचं काम करते. बार वेगळा दिसत नाही म्हणून तो नाहीच असं समजू नका.

आता त्यात जाड बार वाढवला, आणि पावसात अनमोड उतरताय. झाडांचं पाणी टपटपतंय, वळणाच्या आतल्या कडेला शेवाळ, वरून तांबडा चिखल वाहून आलेला. समोरून ट्रक आला की माणूस काय करतो? घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, आणि शेपूट बाहेर निघते. तोंड बाहेर जाणारी गाडी साधा ड्रायव्हरही वेग कमी करून सावरतो. शेपूट सावरायला उलटं स्टिअरिंग मारावं लागतं, तेही वेळेवर. कंपनी गाडी मुद्दाम अशी ठेवते की आधी तोंड सुटावं, शेपूट नव्हे, ती यासाठी.

स्प्रिंग कापणं. हा मूर्खपणा मी स्वतः केलेला आहे, म्हणून अधिकाराने बोलतो. नवीन नोकरी, जुनी गाडी, आणि एका गॅरेजवाल्याने ग्राइंडरने एक वेटोळं उडवून दिलं. दिसायला फक्कड! स्प्रिंगची काम करणारी वेटोळी सहा असतील आणि एक गेलं, तर ती 20 टक्के कडक होते. लोकांना इतकंच ठाऊक असतं. पण गाडी खाली बसली की शॉकअपला दबायला जागाच उरत नाही. मी केरीच्या पुढे एका लांब उजव्या वळणावर होतो, मध्येच एक उंचवटा आला आणि पुढचं डावं शॉकअप रबरी बम्प स्टॉपवर, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या ठोकळ्यावर, आपटलं. त्या क्षणी तिथली स्प्रिंग जणू दगडाची झाली. सगळा भार एका टायरवर, टायर सुटला, आणि मी चिऱ्यांच्या गडग्याला बंपर टेकवून थांबलो. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही हे नंतर जॅकवर घेतल्यावर दिसलं. चाक लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने हलत होती.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, असलेल्या गाडीत लोअर आर्म, म्हणजे चाकाला चॅसीशी जोडणारा खालचा दांडा, चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी फार बसवली की तो चाकाकडे चढता होतो. मग गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या उंचीपेक्षा जास्त खाली जातो. म्हणजे गाडी खाली आली, पण कलण्याचा जोर वाढला! मग लोक आणखी जाड बार शोधतात.

शॉकअपचं लवकर आटपतो. शॉकअप हालचालीला विरोध करतं, स्थितीला नाही. लांब वळणात गाडी शेवटी किती कलणार हे स्प्रिंग आणि बार ठरवतात. शॉकअप ठरवतं ती किती झटकन कलणार. अति कडक शॉकअपने टायर खडबडीत रस्त्यावर टणाटणा उडतो, आणि हवेतल्या टायरला पकड शून्य.

हवा 40? ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर आकडा चिकटवलेला असतो, टायर थंड असताना तो पाळा. दोन पॉइंट वर चालतात. फार फुगवला की टायर मधोमध टेकतो. हवा जास्त असली की साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला जरा जास्त वेग लागतो, हे खरंय. पण नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खुणेपर्यंत झिजली असेल तर हवेचा काय उपयोग?

परवाच डिचोलीचे एक मास्तर आले. मेसेज वाचून बार मागवला होता, डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "बाबा रे, एवढा बसवून दे, वळणावर गाडी फार झुलते." म्हटलं, मास्तर, आधी वर घेऊन बघू. पहारीने उचकलं तर डाव्या लिंक रॉडचा बॉल जॉइंट खुळखुळत होता आणि बारचे बुश इतके झिजलेले की सळई आणि रबर यांच्या मधून उजेड दिसत होता. बार होता, पण पहिला बोटभर झोल जाईपर्यंत तो काही धरतच नव्हता. दोन लिंक, दोन बुश बदलले, टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असतात ती, सरळ केला. मास्तर फर्मागुडीचा उतार उतरून, वळून परत आले आणि काही न बोलता मागची डिकी उघडून त्या गुंडाळीकडे बघत राहिले.

"हा परत घेतील का रे?"

म्हटलं, बिल ठेवलंय ना?